आठ माणसं, महिन्याच्या २४० मोहरा आणि एक तलवार

पाथफाइंडर हा पात्रं घेऊन खेळायचा खेळ. त्याच्या पहिल्या आवृत्तीतली ‘लीडरशिप’ ही फीट, म्हणजे पात्राला अनुयायी मिळवून देणारी खास क्षमता, घ्यावी का, असं कोणी विचारलं तर मी ‘घ्या’ म्हणते. पैशासाठी घ्यावी का, असं विचारलं तर ‘नका घेऊ’ म्हणते. मी स्वतः मात्र ती पैशासाठीच घेतली, हिशोब मांडून घेतली, आणि आता सोडायला तयार नाही. हे कसं, ते जरा सविस्तर सांगावं लागेल. आमच्या भागात या फीटबद्दल पोरं बोलतात ते ‘लय पॉवरफुल आहे, जीएम देतच नाही’ एवढंच. (जीएम म्हणजे गोष्ट चालवणारा.) आकडे कोणी मांडत नाही.

आकडे हे माझं रोजचं काम. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी आणि दिग्रसच्या मधात आमचं गाव आहे आणि मी जवळच्या एका जिनिंगमध्ये हिशोब लिहिते. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या लागतात. मग वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, रुई किती उतरली, सरकी किती गेली, यात होळीपर्यंत मान वर होत नाही. मशीन थांबली की उन्हाळाभर संध्याकाळ मोकळी. भाचा पुण्याला शिकायला गेला आणि तिकडून हा नाद घेऊन आला. आता सुट्यांत आमच्या ओसरीवर टेबल लागतं. भाचा जीएम. जिल्हा परिषदेच्या शाळेतले सर विझर्ड, म्हणजे जादूगार, चालवतात, त्यांची मुलगी चोर, आणि कृषी केंद्रवाले भाऊ फायटर, म्हणजे लढवय्या. भाऊंना हंगामात पोत्यांचा हिशोब पाठ असतो, पण टेबलावर बसले की एकच शब्द: ‘हाण!’ माझं पात्र पुजारीण आहे, सातव्या पातळीची, करिष्मा १६. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो आणि फासे मोबाइलच्या उजेडात मोजतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सोंगट्या-पट असलाच पाहिजे असं नाही. प्रत्येकाचं एक पात्र, त्या पात्राचे आकडे कागदावर, आणि वीस बाजूंचा फासा. काय करायचं ते तोंडानं सांगायचं, जमलं की नाही ते फासा आणि आकडे मिळून ठरवतात. पाथफाइंडरचं मूळ पुस्तक २००९ चं, ५७६ पानांचं. भाच्यानं पुण्यातून जुनं घेतलं, त्याची पाठ आता चिकटपट्टीवर उभी आहे. पुस्तक नसलं तरी अडत नाही, कारण नियम खुल्या परवान्याखाली आहेत आणि नेटवर फुकट वाचता येतात. खेड्यात हे फार मोठं आहे. सरांच्या मुलीनं एकही पुस्तक विकत न घेता तिचा चोर सातव्या पातळीपर्यंत आणला.

आता मुद्द्याचं. सातव्या पातळीला पात्राला एक नवी फीट मिळते आणि ‘लीडरशिप’साठी किमान सातवीच पातळी लागते. ती घेतली की एक आकडा काढायचा: पात्राची पातळी अधिक करिष्म्याचा बोनस. माझे ७ आणि १६ करिष्म्याचे ३, झाले १०. मग या दहात भर पडते किंवा घट होते. नाव मोठं असलं तर २ वाढतात. न्यायानं आणि हात सैल सोडून वागलात तर १. खास काही सामर्थ्य असलं तर आणखी १. माणसांपासून फटकून राहिलात तर १ गेला, क्रूर वागलात तर २ गेले. अनुयायांसाठी आणखी तीन ओळी वेगळ्या आहेत: स्वतःचा गड, वाडा, ठिकाण असलं तर २ वाढतात, सारखं भटकत राहिलात तर १ कमी, आणि तुमच्यापायी अनुयायी मेले तर १ कमी.

आम्ही एक पडकी धर्मशाळा सोडवून घेतली होती, भुतासकट. ती माझं ठिकाण म्हणून धरली, २ मिळाले. भाच्यानं न्यायाचा १ दिला. भटकण्याचा १ कापला, कारण साहसाला निघालेला माणूस घरी बसत नाही. दहाचे बारा झाले. बाराला तक्ता पहिल्या पातळीचे ८ अनुयायी देतो.

ही आठ माणसं लढाईच्या कामाची नाहीत. पुस्तकच सांगतं की ती तुमच्यापेक्षा बरीच खालच्या पातळीची असतात, लढाईत टिकत नाहीत. मग त्यांनी करायचं काय? काम करायचं. इथेच सगळं टेबल सरसावून बसलं.

खेळात ‘प्रोफेशन’ नावाचं कौशल्य आहे. आठवडाभर मन लावून काम केलं की फाशाच्या बेरजेच्या निम्म्या सोन्याच्या मोहरा मिळतात. पहिल्या पातळीचा कारागीर घ्या: कौशल्याचा १ गुण, ते त्याच्या वर्गाचं कौशल्य म्हणून ३, अंगची समज १. बोनस ५. फासा न टाकता सरासरी १० धरायची सोय आहे, ती धरली तर १५. निम्मे साडेसात. चार आठवड्यांच्या महिन्याच्या ३० मोहरा. आठ जणांच्या २४०.

२४० म्हटल्यावर भाऊंचे डोळे चमकले. त्यांना जादूची तलवार हवी होती, +१ ची लाँगसोर्ड. साधी तलवार १५ मोहरांची, उत्तम घडणीचे ३०० वर, जादूचे २,०००. एकूण २,३१५.

‘काकू, तुमच्या माणसाइच्या कमाईतून माही तलवार कधी येईन?’

मी म्हटलं, थांबा, ते जेवतात काय ते आधी पाहू.

मला या नियमांत सगळ्यात जास्त आवडलेली जागा ही आहे. मूळ पुस्तकात राहणीमानाचा खर्च दिला आहे, महिन्याचा. गरीब राहणी ३ मोहरा, साधारण राहणी १०, श्रीमंती १००. आणि रोजंदारीवर काम करणारा, हातात कला नसलेला मजूर दिवसाला सरासरी चांदीचं एक नाणं कमावतो. दहा चांदीची एक मोहर. म्हणजे त्यानं महिन्याचे तीसही दिवस खाडा न करता भरले तर त्याच्या ३ मोहरा होतात, आणि गरीब राहणीला ३ मोहराच लागतात. शिल्लक शून्य. एक दिवस ताप आला की उधारी. ज्यानं हे दोन तक्ते लिहिले त्यानं मुद्दाम जुळवले की आपोआप जुळले, माहीत नाही. पण आमच्या ओसरीवर बसलेल्या कोणालाही ते समजावून सांगावं लागलं नाही.

कारागीर मात्र साधारण राहणीचा. ३० कमावतो, १० खर्चतो, २० उरतात. आठ जणांचे १६०. हे सगळेच्या सगळे मी काढून घेतले तरी भाऊंची तलवार यायला साडेचौदा महिने लागतात.

भाऊंनी पेन्सिल घेतली. ‘मंग त्याइले गरीबच ठेवा ना. तीन-तीन मोहरांत भागते म्हणते पुस्तक.’

बरं, तेही केलं. २४० मधून २४ गेले, २१६ उरले. पावणेअकरा महिने. भाऊ खूश. मग भाच्यानं काही न बोलता तक्ता पुढे सरकवला. कसबी माणसाला मजुराच्या राहणीत ठेवून वरची सगळी कमाई उचलायची, याला मी न्याय म्हणणार नाही, असं तो म्हणाला. तो १ गेला. आणि क्रूरपणाचे २ गेले. मूळचे १०, ठिकाणाचे २, भटकण्याचा वजा १, क्रूरपणाचे वजा २. राहिले ९. नऊच्या ओळीत अनुयायांच्या रकान्यात आडवी रेघ आहे. आठाचे सात नाही, सहा नाही. एकही नाही.

ही रेघ मी बराच वेळ पाहत बसले. ‘लीडरशिप’ फार ताकदवान आहे ही टीका मला माहीत आहे, पण एवढ्याशा तक्त्यात ही गोष्ट इतकी चोख बसवलेली असेल असं वाटलं नव्हतं. माझ्यासारख्या मध्यम करिष्म्याच्या पुढाऱ्याला पिळवणूक परवडतच नाही. करिष्मा २० असलेल्याला मात्र परवडते. त्याचा बोनस ५, म्हणून मूळचेच १२ होतात, सगळं कापूनही ११ उरतात, आणि ११ ला ६ माणसं येतात. गोड बोलणाऱ्याला जास्त खपतं, हेही तक्त्याला ठाऊक आहे म्हणायचं.

पण एक भोक आहे आणि ते मोठं आहे. अनुयायानं कमावलेले पैसे कोणाचे, हे मूळ पुस्तक कुठेही सांगत नाही. अनुयायी किती, कोणत्या पातळीचे, कशानं येतात, कशानं जातात, सगळं आहे. त्यांच्या कमाईवर पुढाऱ्याचा हक्क किती, यावर एक ओळ नाही. जो खेळाडू ‘माझी माणसं, माझे पैसे’ म्हणतो त्याला थांबवायला नियम नाही आणि जो जीएम ‘एक दमडी मिळणार नाही’ म्हणतो त्याला अडवायलाही नाही. आमच्याकडे सालदाराचं साल पाडव्याला ठरतं, तेव्हा रक्कम, धान्य, सुट्या, सगळं आधी तोंडावर बोलून घेतात. मग वर्षभर कुरबुर झाली तरी कशावरून झाली ते दोघांना माहीत असतं. या फीटला तसं एक पान हवं होतं. अर्धं चाललं असतं.

ते नाही म्हणून आम्ही आमचं ठरवलं. उरलेल्या २० मधले १० कारागिराचे, १० धर्मशाळेच्या पेटीत. पेटीवर माझं नाव नाही, धर्मशाळेचं आहे. पेटीत महिन्याला ८० जमतात. त्यातून छपराची डागडुजी, आल्यागेल्याला जेवण, आणि कोणी आजारी पडला तर त्याचा तो महिना. मी त्यातून फक्त एकदा उचल केली, घोड्यासाठी, तीही वहीत लिहून. सरांच्या मुलीनं विचारलं, ‘मग काकू, तुम्हाला काय मिळालं?’ मी म्हटलं, न्यायाचा तो १.

कमाईचा मुद्दा अजून एका बाजूनं पाहायला हवा. सातव्या पातळीच्या चौघांच्या टोळीला, मध्यम गतीच्या खेळात, एका बरोबरीच्या चकमकीमागे साधारण २,६०० मोहरांचा ऐवज मिळावा असं पुस्तकाचं माप आहे. वाट्याला ६५०. म्हणजे माझ्या आठ माणसांनी चार महिने घाम गाळून, एक दमडी स्वतःकडे न ठेवता जेवढं दिलं असतं, तेवढं मला एका संध्याकाळी एका गुहेत मिळतं. सातव्या पातळीच्या पात्राची एकूण मालमत्ता पुस्तकाच्या मते २३,५०० मोहरांच्या आसपास असावी. त्यात महिन्याच्या ८० किंवा १६० नं काय होणार? ज्यांना वाटतं की या फीटनं जीएमचं अर्थकारण कोलमडेल, त्यांनी हे भागाकार करून पाहावेत. अनुयायांच्या मजुरीनं काही कोलमडत नाही.

कोलमडतं ते दुसऱ्याच एका माणसामुळे. तक्त्यात अनुयायांच्या आधी एक रकाना आहे, कोहॉर्टचा. हा तुमचा उजवा हात. तुमच्यापेक्षा किमान दोन पातळ्या खाली, पण खराखुरा, पूर्ण पात्र. मला पाचव्या पातळीचा मिळत होता. मी विझर्ड घेतला, आणि त्याला शस्त्रं मंतरण्याची फीट दिली. पाचव्या पातळीला ती घेता येते.

आता हिशोब पाहा. मंतरलेली वस्तू स्वतः बनवली तर जादूच्या किमतीच्या निम्माच खर्च येतो, आणि दर हजार मोहरांच्या किमतीमागे एक दिवस लागतो. भाऊंच्या तलवारीचे ३१५ घडणीचे, जादूचे २,००० च्या जागी १,०००. एकूण १,३१५. दोन दिवसांत. हजार मोहरा वाचल्या. माझ्या आठ माणसांची सगळी शिल्लक सव्वासहा महिने जमवली असती तेव्हा हजार झाल्या असत्या.

भाऊंना तलवार अशी मिळाली. सरांना त्यांच्यासारखाच दुसरा विझर्ड टेबलावर आलेला फारसा रुचला नाही, पण तलवार पाहून गप्प बसले.

मग हाच विझर्ड रोज एक वस्तू बनवून विकायला काय हरकत आहे? हरकत भावाची. बाजारात अशी वस्तू विकायला गेलं की निम्मीच किंमत येते. निम्म्यात बनवा, निम्म्यात विका, हाती शून्य. म्हणजे बचत आहे, धंदा नाही. हा बांध कोणीतरी विचार करूनच घातला आहे. तरी आपल्याच चौघांना निम्म्या भावात सगळं मिळायला लागलं की जीएमनं ठरवलेलं माप सुटतं, यात शंका नाही. भाच्यानं त्यावर मर्यादा घातली: मुक्कामाचे दिवस असतील तेव्हाच, आणि तेही त्या विझर्डला स्वतःचं काही करायचं नसेल तर. मला पटलं. तोही माणूसच आहे, जिनिंगचं मशीन नाही.

ज्यांना अनुयायांकडून खरोखर धंदा चालवायचा आहे, त्यांच्यासाठी २०१३ साली ‘अल्टिमेट कॅम्पेन’ आलं. २५६ पानांचं. यातला ‘डाउनटाइम’चा, म्हणजे साहसांच्या मधल्या मोकळ्या वेळाचा, भाग मी दोन बैठकांत वाचून काढला आणि माझ्या हाती पडलेल्या नियमांत हिशोब लिहिणाऱ्या माणसानं हिशोब लिहिणाऱ्यांसाठी लिहिलेला हाच एक भाग आहे. यात भांडवल चार प्रकारचं: माल, वजन, मजुरी आणि जादू. वजन म्हणजे गावातलं वजन, काट्यावरचं नाही. मालाचा एक अंक बाजारातून घेतला तर २० मोहरा, स्वतःच्या मेहनतीनं कमावला तर १०. मजुरीचंही तसंच. वजन विकत ३०, कमावलेलं १५. जादू १०० आणि ५०. म्हणजे मेहनत करणारी माणसं तुमच्याजवळ असली तर प्रत्येक गोष्ट निम्म्या भावात. या चार गोष्टी जमवून इमारती बांधायच्या, खोली-खोलीनं, आणि माणसांच्या तुकड्या उभ्या करायच्या.

इमारत रोख पैसेही कमावते. रोजचा एक फासा, त्यात इमारतीचा बोनस, आलेल्या बेरजेला दहानं भागायचं, तेवढ्या मोहरा. बोनस १० असला आणि फाशाचे सरासरी १० धरले तर २० भागिले १०, दिवसाच्या २ मोहरा. महिन्याच्या साठेक. माझ्या आठातल्या दोन कारागिरांएवढी एक इमारत. आणि तुम्ही गुहेत असताना धंदा सांभाळायला तिथे व्यवस्थापक लागतो. लीडरशिपचा अनुयायी तिथे बसवता येतो, आणि या आठ जणांचा खरा उपयोग मला तिथे सापडला. माझी एक बाई आहे, स्वयंपाकीण, पहिल्या पातळीची. ती आता धर्मशाळा चालवते. भटकण्याचा १ जरी कापला जात असला तरी मी कुठेही गेले तरी परत आल्यावर चूल पेटलेली असते.

पण डाउनटाइमचा हा भाग सगळ्यांना झेपेल असं नाही. रोजचा फासा, प्रत्येक इमारतीसाठी घडामोडींचे वेगळे तक्ते, चार प्रकारच्या भांडवलाची आवक-जावक. भाऊंनी तिसऱ्या पानावर पुस्तक मिटलं. एका माणसानं वही सांभाळायची आणि बाकीच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा, असं असेल तरच चालतं. आम्ही तो सगळा भाग टेबलाच्या वेळेत करत नाही. मी मधल्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर भाच्याला आकडे पाठवते, तो ‘ठीक’ म्हणतो किंवा एखादी वाईट बातमी पाठवतो. मागच्या खेपेला स्वयंपाकघरात आग.

दुसऱ्या खेळांत हेच कसं आहे, तेही चाळून पाहिलं, कारण भाच्याच्या लॅपटॉपवर बरंच काही आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा या सगळ्यांचा मूळपुरुष, १९७४ चा. त्याच्या १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात फायटर नवव्या पातळीला पोचला, मुलूख साफ करून गढी बांधली, की तिथल्या प्रत्येक रहिवाशामागे महिन्याला चांदीची ७ नाणी मिळतात. पुजाऱ्यानं तेच केलं तर ९. देवाच्या नावावर दोन नाणी जास्त! तेव्हा वीस चांदीची एक मोहर होती, म्हणजे हजार वस्तीच्या मुलखातून फायटरला महिन्याला ३५० मोहरा, पुजाऱ्याला ४५०. हा सरळ कर आहे. पैसे कोणाचे, हा प्रश्नच नाही. १९८४ च्या ‘कम्पॅनियन’ संचात फ्रँक मेन्ट्झरनं आणखी पुढचं मांडलं: शेतकरी कुटुंबामागे महिन्याला एक मोहर कर, आणि प्रजेचा भरवसा किती आहे त्याचा वेगळा आकडा, जो राजाच्या वागण्यानं वरखाली होतो. नऊच्या ओळीतली माझी आडवी रेघ आणि हा भरवशाचा आकडा एकाच गोत्रातले. मात्र माझा आकडा बारावरून एकदम नऊवर आला, आठाचे थेट शून्य. भरवसा आधी उतरताना दिसतो. त्या बाबतीत जुना नियम सरस.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्याच २०२४ च्या नव्या जीएम पुस्तकात ‘बॅस्टिअन’ आलेत. पाचव्या पातळीपासून स्वतःचं ठिकाण, आठवड्याला एक हुकूम, आणि तिथली माणसं विश्वासू असतात असं पुस्तकानंच लिहून दिलंय. कोठार बांधलं तर तिथली माणसं माल भरतात आणि विकतात, सुरुवातीला दहा टक्के नफा, नवव्या पातळीला वीस, तेराव्याला पन्नास, सतराव्याला शंभर. त्यांचा पगार त्या ठिकाणाच्याच कमाईतून परस्पर भागतो. वाचायला सोपं, चालवायला सोपं, सरांच्या मुलीला तेच आवडलं. मला त्यात करमत नाही. विश्वास आधीच छापून दिला आहे, मग मी करायचं काय?

पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात ‘लीडरशिप’ फीटच नाही. पात्रानं फावल्या वेळात स्वतः काम करून कमवायचा नियम आहे, नीटनेटका आहे. माणसं नाहीत.

जुन्या फीटमधलं मला खुपणारं आणखी एक सांगते. अनुयायी अनुभव कमवत नाहीत, म्हणून त्यांची पातळी वाढत नाही. माझा कुंभार धर्मशाळेत किती वर्षं मडकी घडवेल, तो पहिल्याच पातळीचा राहील. माझी पातळी वाढली की तक्ता नवीन, वरच्या पातळीचा माणूस बाहेरून आणतो. जुना जिथल्या तिथे. हे मला अजिबात पटत नाही. जिनिंगमध्ये हमाल म्हणून लागलेला माणूस दहा वर्षांनी रुईच्या गाठीला हात लावून ओलावा सांगतो, ते काय फुकट येतं का? या एका गोष्टीसाठी मी पाचातला अर्धा तारा कापते. पैसे कोणाचे ते न सांगितल्याबद्दल एक. उरले साडेतीन. ‘अल्टिमेट कॅम्पेन’च्या डाउनटाइमला चार, पण फक्त वही लिहिणाऱ्यांसाठी.

घेणाऱ्यांना दोन सूचना. एक, फीट घ्यायच्या आधी जीएमशी पैशाचं बोलून घ्या, टेबलावर सगळ्यांसमोर. दोन, अनुयायांना नावं द्या. आठपर्यंत जमतं. पुढे तक्ता फार भराभर वाढतो, २० च्या आकड्याला पहिल्या पातळीचेच ५० होतात आणि २५ ला १३५. तेवढ्यांची नावं कोणी ठेवू शकत नाही, आणि नाव नसलेल्या माणसाचे पैसे उचलायला हात धजावतो.

पुढच्या बैठकीला आम्ही आठव्या पातळीला जातो. माझा आकडा तेरा होईल. तेराला पहिल्या पातळीचे दहा आणि दुसऱ्या पातळीचा एक. तो एक बाहेरून कोणी अनोळखी यावा, असं तक्ता म्हणतो. मी म्हणते स्वयंपाकिणीलाच दुसऱ्या पातळीला घ्या आणि तिची पहिली जागा नव्या माणसाला द्या, तक्त्याची बेरीज तीच राहते. भाचा म्हणतो, ‘मामी, नियमात नाही बसत.’ सर माझ्या बाजूनं आहेत. भाऊंना त्या जागी लोहार पाहिजे.